कंपनीला आधी सांगायचं की नंतर?

"आधी सांगितलं तर मुलाखतीला बोलावणारच नाहीत. नंतर सांगितलं तर म्हणतील, लपवलं. मग करू काय?" आयटीतल्या नोकरीची तयारी करणारी दिव्यांग मुलं मला सर्वांत जास्त वेळा विचारतात तो प्रश्न हाच. भीती खोटी नाही. कळल्यावर गप्प झालेल्या कंपन्या मीही पाहिल्या आहेत.

एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तिची डोळ्यांच्या मध्यभागाची दृष्टी गेलेली, कडेचं थोडं दिसतं. मोठी अक्षरं करून ती थोडा वेळ वाचते, बाकी सगळं काम एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उत्तम येते. सोबत आलेले वडील म्हणाले, "मॅडम, बायोडेटात लिहायचंच नाही असं ठरवलंय आम्ही. एकदा आत शिरली की काम बघतीलच."

मी तिला विचारलं, "ऑनलाइन परीक्षेचे नियम वाचलेस?" वाचले नव्हते. आम्ही एका परीक्षेचे नियम उघडले. हेडफोन चालणार नाहीत. दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर सुरू नको. नजर स्क्रीनवरून हटली की कॅमेरा नोंद करणार. हिला तर समोरचं दिसावं म्हणून नजर बाजूलाच वळवावी लागते! न सांगता ती परीक्षेला बसली असती, तर तिच्या नावापुढे कॉपीचा संशय लागला असता. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून माझं मत असं की प्रश्न 'सांगायचं की नाही' एवढाच नसतो. काय सांगायचं आणि कधी, हे ठरवावं लागतं. आजाराचं नाव, तो कधीपासून, औषधं कोणती, यातलं काहीही कंपनीला सांगायची गरज नाही. काम कसं करता आणि त्यासाठी काय लागेल, एवढं सांगा. आणि ते जिथे पहिल्यांदा लागणार त्याच्या आधी सांगा. तिला परीक्षेतच लागणार होतं, म्हणून परीक्षेआधी. एखाद्याला डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण) असेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर त्याची वेळ वेगळी असू शकते आणि ती त्यानेच ठरवावी.

मेल मात्र मी तिलाच लिहायला लावली, वडिलांना नाही. अनेक खर्ड्यांनंतर उरलं ते इतकंच: "मी स्क्रीन रीडर आणि हेडफोन वापरून कोड लिहिते. तुमचं परीक्षेचं पोर्टल कीबोर्डवरून पूर्ण चालतं का? आधी सरावाची लिंक मिळेल का? आकृतीवरच्या प्रश्नांना मजकुरात वर्णन आणि एकूण दीडपट वेळ लागेल." पहिल्या खर्ड्यात तीनदा 'कृपया' आणि एकदा 'माफ करा' होतं. माफी कशाची? ते काढलं.

एका कंपनीने उत्तरच दिलं नाही. ती फार खचली आणि मी तिला समजावायला गेले नाही; त्या दिवशी फक्त ऐकलं. दुसऱ्या कंपनीने सरावाची लिंक पाठवली. त्यात दर सेकंदाला घड्याळ मोठ्याने बोलायचं आणि प्रश्न ऐकूच यायचा नाही. तिने तसं कळवलं, त्यांनी घड्याळाचा आवाज बंद केला.

मुलाखतीत हमखास येणाऱ्या प्रश्नाची तयारी आम्ही आधीच केली होती: "तुम्ही कोड वाचता कसा?" तिने स्वतःची स्क्रीन दाखवली. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावर अर्थ ठरतो; एनव्हीडीए ते वेगवेगळ्या स्वरांनी ऐकवतं. व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ८ ही कळ दाबून ती थेट पुढच्या चुकीवर गेली. हा स्क्रीन रीडर २००६ साली मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी सुरू केला, हेही तिने सांगितलं. अंध माणूस प्रोग्रॅमिंग कसं करणार, या शंकेला मला याहून चांगलं उत्तर माहीत नाही.

ती आता तिथे रुजू झाली आहे आणि प्रश्न बदलले आहेत. बैठकीत कुणी फळ्यावर आकृती काढली की ती चर्चेच्या बाहेर पडते. त्यासाठीची पहिली मागणी तिने स्वतःच लिहून टीमला पाठवली: बाण कुठून कुठे जातो, ते काढताना बोला.