पितळी तांब्या जलरंगात पिवळ्या फुग्यासारखा का दिसतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: आकार जमतो पण पितळ वाटत नाही, ते का, आणि रोजच्या तांब्यात रंगवण्यासारखं असतं तरी काय.

तांब्या खिडकीपाशी ठेवा आणि डोळे बारीक करून बघा. पितळेचा स्वतःचा पिवळा फार थोड्या जागेत असतो. पोटावर खिडकी वाकडी होऊन दिसते, तिला खेटून जवळजवळ काळी पट्टी, खाली टेबलावरच्या कापडाचा रंग. आतून कल्हई असेल तर तोंडातून दिसणारा भाग चक्क करडा. रंगवायचं ते हे सगळं.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, घ्या. पातळ कागद फुगतो आणि रंग खळग्यात साचतो. काठ आणि बूड, दोन्ही लंबवर्तुळं हलक्या पेन्सिलीने पूर्ण काढा. वरून बघताना बुडाचं लंबवर्तुळ काठापेक्षा जास्त उघडं दिसतं. चकाकीच्या जागाही आखून घ्या, तिथे कागद कोराच राहणार आहे. मागाहून पांढरा पोस्टर कलर लावून आणलेली चकाकी खडूसारखी दिसते.

पहिला हात यलो ऑकरचा (मातकट पिवळा), भरपूर पाण्यात, चकाकी सोडून सगळीकडे. पूर्ण वाळू द्या. हाताची मागची बाजू लावून कागद गार लागला तर अजून ओल आहे, आणि अशा ओलीवर पाण्याने भरलेला ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग उठतात. मग गळ्याखाली आणि पोटाच्या एका अंगाला बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी.

आता गडद पट्टी. बहुतेकांचा हात भितो तो इथेच. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन (गडद निळा) घाला, पाणी अगदी कमी. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून वाटतं त्याहून गडदच लावा. तयार काळा नको; पिवळ्यात मिसळला की शेवाळी होतो. पट्टीची चकाकीकडची कड धारदार ठेवा, दुसरी ओल्या ब्रशने विरवा. दोन्ही विरवल्यात तर भांडं मातीचं वाटेल. सावलीकडच्या कडेला टेबलावरून परतलेल्या उजेडाची बारीक रेघ सोडायला विसरू नका, नाहीतर पोट चपटं दिसतं.

तांब्याला पोचा असेल तर तो सरळ करून काढू नका. तिथे खिडकीचं प्रतिबिंब तुटतं, आणि माझ्या मते चित्रातली सगळ्यात बघण्यासारखी जागा तीच. आणि हो, चित्राआधी चिंच लावून लख्ख घासू नका. अर्धवट काळवंडलेल्या पितळेत रंग जास्त सापडतात.