वेदरस्पून्समध्ये पहिल्यांदा जाणार असशील तर

इंग्लंडात शिकायला नवीन आला आहेस, तर पहिला पब म्हणून बिनधास्त वेदरस्पून्स गाठ. बहुतेक शाखांत गाणी लावत नाहीत, त्यामुळे आरामात गप्पा होतात. टिम मार्टिन यांनी १९७९ साली उत्तर लंडनमध्ये सुरू केलेली ही साखळी जुन्या वास्तू घेऊन तिथे पब थाटते. लंडनचा 'क्रॉस कीज' पूर्वी बँक होता, मँचेस्टरचा 'मून अंडर वॉटर' सिनेमागृह. गालिचाही जरूर बघ, प्रत्येक पबची नक्षी वेगळी असते. मला तर तेच फार आवडतं.

वेटर विचारायला येईल म्हणून बसून राहू नकोस. टेबलाचा नंबर बघायचा आणि काउंटरवर किंवा अ‍ॅपवरून ऑर्डर द्यायची.

बिअर घ्यायची तर लागर (नेहमीची थंडगार, फिकट बिअर) सोड, एल (ale, इंग्लंडची पारंपरिक बिअर) घे. हँडपंपाचा लांब दांडा ओढून ती तळघरातल्या पिंपातून वर येते. बर्फासारखी गार नसते, म्हणूनच चव नीट कळते. आधी घोटभर चाखायला माग, सहसा देतात. पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिली, सुरुवातीला अर्धाच पुरे. वय लहान दिसत असेल तर ओळखपत्र लागेल.

जेवणात फिश अँड चिप्स घे, वर व्हिनेगर शिंपड. करी मिळते, पण आपल्या रश्श्याचा झणका तिच्यात नाही. शाकाहारी असशील तर तळणीचं तेल वेगळं आहे का, हे आधी विचारून घे.