सनद मिळाली, आता दिवाणी कोर्टाचं काम प्रत्यक्षात शिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की सनद हातात आहे, सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) वाचून झालीय, पण सीनियर नुसतं तारखा घ्यायला पाठवतात, मग दिवाणीचं खरं काम शिकायचं कुठून. मी तालुका कोर्टात 14 वर्षं दिवाणीच करतोय, मला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

ऑफिसात निकाली फाईलींचे गठ्ठे पडलेले असतात ना, सीनियरना विचारून त्यातली एक घरी न्या आणि वाचायची ती शेवटून. आधी निकालपत्र, मग साक्षी, मग मुद्दे, मग कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) आणि सगळ्यात शेवटी दावा. दावा कुठल्या वाक्यामुळे पडला किंवा तरला ते कळतं, आणि बहुतेक वेळा ते वाक्य युक्तिवादातलं नसतं, दाव्यातलं किंवा कैफियतीतलंच असतं. सीपीसीतला ऑर्डर 8 रूल 5 आपण सगळेच वाचतो, पण दाव्यातल्या एका परिच्छेदाला कैफियतीत स्पष्ट नकार दिला नाही म्हणून ती गोष्ट कबूल धरली गेली, हे निकालात वाचलं की परत विसरत नाही.

दावा लिहिण्याबाबत माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका कब्जाच्या दाव्यात मी चतुःसीमा जुन्या खरेदीखतावरून तशाच उतरवल्या, जागेवर गेलोच नाही. मधल्या काळात गटाचे पोटहिस्से पडले होते. हुकूमनामा आमच्या बाजूने झाला, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावली, बेलिफ वॉरंट घेऊन गेला तर समोरचे म्हणाले ही ती जागाच नाही, आणि तो रिपोर्ट देऊन परत आला. मग सीपीसीच्या कलम 152 खाली हुकूमनाम्यातल्या दुरुस्तीचा अर्ज, त्याला हरकत, तारखांवर तारखा, आणि पक्षकार आजी दर वेळी एसटीने यायच्या, ते मला आजही टोचतं. तेव्हापासून सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली जागा, एवढं जुळल्याशिवाय मी जमिनीचा दावा टाईपच करत नाही.

उलटतपास मात्र कोर्टात बसूनच येतो. सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष, आता प्रतिज्ञापत्रावर असतो त्यामुळे खरा खेळ उलटतपासात. आपल्याकडे जबाब बहुतेक वेळा प्रश्न-उत्तर असा न लिहिता "हे खरे आहे की", "हे म्हणणे खरे नाही की" असा सलग उतरवतात, म्हणून एका प्रश्नात दोन गोष्टी घातल्या तर साक्षीदार नेमकं काय मान्य करतोय तेच कळत नाही आणि अपिलात ते वाक्य कुणाच्याच कामाचं राहत नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा, आणि सही व्हायच्या आधी काय टाईप झालंय ते वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथे साहेबांना सांगा. साक्षीदाराचं जे म्हणणं तुम्हाला मान्य नाही ते त्याला सुचवलंच पाहिजे, नाहीतर ते बिनहरकत राहिलं असं म्हणतात.

कागदांचंही बघा, झेरॉक्स दाखल केली म्हणजे निशाणी पडली, म्हणजे पुराव्यात नंबर मिळाला, असं नाही, मूळ कागद कुठंय आणि तो शाबीत कोण करणार हे दावा लावतानाच ठरवा. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, दुय्यम पुराव्याचं जुनं कलम 65 आता 60 आहे, जुन्या फाईली वाचताना नंबर तेवढे बदलून घ्या.

आणि तारखा घेणं वाया जात नाही हो. रोज आपल्या मॅटरचा रोजनामा (तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) वाचा, शिरस्तेदार आणि बेलिफ यांच्याशी नीट बोला, समन्स का बजावलं गेलं नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. निशाणी 5 चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचा, युक्तिवाद असेल त्या दिवशी आपलं मॅटर नसलं तरी मागच्या बाकावर बसा, मनाई मागणाऱ्याने प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान कुठल्या कागदावरून दाखवलं ते वहीत लिहा, आणि आदेश झाला की नक्कल काढून आपल्या वहीशी ताडून बघा.