आजी-आजोबांना पाहुणे करू नकोस

प्रिय मुला,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. यंदा पहिल्यांदाच नाताळ तुमच्या घरी, तुझे आईबाबा येणार, तुझ्या बायकोची आईपण येणार, थोरली पाच वर्षांची, धाकटा जेमतेम सव्वा वर्षाचा, आणि तू म्हणतोस काकू, काय काय करायचं ते लिस्ट करून पाठवा. लिस्ट मी नाही पाठवत, कारण तू स्वतःच केलेली लिस्ट मेसेजमध्ये आहे, सतरा कामं मोजली मी, आणि सतराच्या सतरा कामांपुढे तुझं नाहीतर तिचं नाव. आईबाबांच्या नावापुढे काय लिहिलंयस? 'आराम'. तिथेच माझं अडलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तू हे प्रेमानेच लिहिलंयस हे मला कळतं. मीही प्रेमानेच केलं होतं. माझे वडील आमच्याकडे राहायला आले त्या पहिल्या नाताळला मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायावर शाल टाकली आणि दिवसभर मी फक्त 'बाबा तुम्ही बसा, तुम्ही नका उठू' एवढंच बोलत होते. घर भरलेलं, पोरं ओरडतायत, मी किचन ते हॉल धावतेय, आणि साडेसातला बाबा मला हळूच विचारतात, 'मी आता झोपायला जाऊ का?' जाऊ का, असं. आपल्याच लेकीच्या घरात माणूस परवानगी मागत होता. तेव्हा मी हो म्हटलं आणि परत कामाला लागले, रात्री भांडी आवरताना ते वाक्य डोक्यात आलं आणि मग बराच वेळ झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी मी गोठ्याचं, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यातल्या मूर्तींचं, खोकं सरळ त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि चार वर्षांच्या लेकीला त्यांच्या शेजारी बसवलं. दुसरं काही सांगितलं नाही. बाबांच्या उजव्या हाताची बोटं तेव्हा नीट मिटायची नाहीत, चिमटीत वस्तू धरली की सुटायची. लेकीची बोटं चालायची पण कुठली मूर्ती कुठे ते तिला ठाऊक नव्हतं. मग असं सुरू झालं की ती एकेक मूर्ती कागदातून सोडवायची, बाबांच्या तळहातावर ठेवायची, ते ती डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, हा मेंढपाळ, ह्याला मागे ठेव, ह्याने कोकरू खांद्यावर घेतलंय ना म्हणून हा दमलाय, ह्याला जरा टेकून उभा कर. गाढवाचा एक कान तुटलेला निघाला. मी म्हटलं राहू दे, मागे ठेवा, दिसत नाही. तर दोघांनी खोक्याचा तळ उपसून तो नखाएवढा कान शोधून काढला, डिंक लावला, आणि डिंक वाळेपर्यंत बाबांनी तळहातात तळहात दाबून ते गाढव धरून ठेवलं, आणि लेक दर दोन मिनिटांनी विचारतेय, 'आबा, आता दुखत नाही ना त्याला?' तो गोठा पूर्ण व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. मी एकटीने केला असता तर पंधरा-वीस मिनिटांत झाला असता. बाबांनी त्या तीन दिवसांत एकदाही झोपायला जाऊ का असं विचारलं नाही.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे बघ, आजी-आजोबांना पाहुणे करू नकोस, त्यांना आणि मुलांना मिळून एक खरं काम दे आणि तू तिथून बाजूला हो. खरं काम म्हणजे जे त्यांनी केलं नाही तर होणारच नाही असं. नुसतं 'बघा किती छान दिसतंय' म्हणायला बसवलेलं माणूस दमतं रे, आणि मुलाला तर बघत बसता येतच नाही.

गोठा त्यासाठी सगळ्यात चांगला, असं माझं मत आहे. झाड मोठ्या माणसांच्या उंचीचं असतं, गोठा मुलाच्या उंचीचा. आणि त्याची सुरुवातच मुळी अशी आहे. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाण मांडली तेव्हा त्यात महागड्या मूर्ती नव्हत्या, खरं गवत होतं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं, कारण बाळ कसल्या गैरसोयीत जन्मलं ते लोकांना डोळ्यांनी दिसावं असं त्याला वाटत होतं. म्हणजे गोठा हा हात लावायचाच प्रकार आहे. काचेच्या कपाटात ठेवायचा आणि पोराने हात पुढे केला की 'नको नको' करायचं, तर मग तो कशाला मांडायचा? चिनी मातीचा सेट असेल तर वर राहू दे, खाली लाकडाचा, कापडाचा, पुठ्ठ्याचा एक असू दे, आजीला शिवता येत असेल तर आजी आणि थोरली मिळून करतील. फक्त मूर्ती धाकट्याच्या तोंडात मावणार नाही एवढी मोठी हवी, ह्या वयात हातात आलेलं सगळं आधी तोंडात जातं.

आता दिवसांचं. तू सगळं 24 आणि 25 ला कोंबलंयस. का? आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, चार रविवार आधी सुरू होतो, 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर ह्यातला जो रविवार येईल तो पहिला, आणि नाताळ 25 ला संपत नाही, उलट तिथे सुरू होतो, 6 जानेवारीला तीन राजांचा, म्हणजे ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेल्यांचा, सण येईपर्यंत बारा दिवस हातात असतात. हे दिवस कुणी वापरतच नाही, 26 ला सगळे आडवे. तुझे आईबाबा 2 तारखेपर्यंत राहणार आहेत ना, मग गिफ्टं एका सकाळी ढिगाने फोडायला देऊ नकोस, पाच वर्षांचं मूल चौथ्या गिफ्टनंतर वस्तू बघतही नाही, नुसता कागद फाडतं आणि शेवटी रडतं, आणि ज्या आजीने दोन महिने बसून स्वेटर विणला तिचं गिफ्ट नेमकं सातवं असतं. आजीचं गिफ्ट वेगळ्या दिवशी, एकटं, आजी शेजारी बसलेली असताना. आणि तीन राजे घराच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचे, रोज आजोबा आणि नात त्यांना थोडंसं पुढे सरकवणार, आज कपाटापर्यंत, उद्या सोफ्यापर्यंत. तिथून गोठ्यावरचा तारा दिसतो का हे पण दोघांनी वाकून बघायचं. आजोबा 2 ला गेले तरी फोनवर विचारतील ना, आज राजे कुठवर आले.

झोपेबद्दल मी जरा कडक आहे, ऐक. सव्वा वर्षाच्या बाळाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, दुपारची धरून, पाच वर्षांच्या पोरीला 10 ते 13. सणाच्या दिवशी पहिला बळी ह्या झोपेचा जातो आणि मग संध्याकाळी पोर किरकिरं झालं की आजीला वाटतं माझ्याकडे येत नाही, आईला वाटतं सासू काहीतरी म्हणतेय, आणि मूळ कारण काय तर दुपारची झोप बुडाली. तेव्हा दुपारी दोन तास घर बंद. फोन नाही, पाहुणे नाहीत, गाणी नाहीत. त्या दोन तासांत तुझ्या बाबांनाही पडायचं असतं, ते स्वतःहून म्हणणार नाहीत. मध्यरात्रीच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, थोरलीला न्यायचं का असं विचारलंस, तर संध्याकाळची किंवा सकाळची मिस्सा असेल तर ती धरा, आणि आजोबांना रात्रीच जायचं असेल तर तू त्यांना घेऊन जा, दोघंच. वडिलांबरोबर असं एकट्याने चालत जायला परत कधी मिळेल कुणाला माहीत.

बाबांच्या कानात मशीन आहे असं लिहिलंयस. त्याचा त्रास बाहेरून दिसत नाही. मशीन माणसाचा आवाज मोठा करतं तसं भांड्यांचा, टीव्हीचा, सहा जणांच्या एकदम बोलण्याचाही थोडाफार करतंच, मग गर्दीत शब्द लागत नाहीत, माणूस नुसतं हसून मान हलवतो आणि हळूहळू गप्प होतो, आणि आपण म्हणतो बाबा आजकाल शांत झालेत. गाणी सतत मागे वाजत ठेवू नकोस. जेवताना टीव्ही बंद. थोरलीला शिकव की आजोबांशी बोलताना समोर यायचं, त्यांच्याकडे बघून बोलायचं, पाठीमागून ओरडायचं नाही. पाच वर्षांचं मूल हे फार चटकन शिकतं, आणि शिकलं की मोठ्यांनाही दम देतं.

सांताचं आधी ठरवा. तिने विचारलं की सांता खरा असतो का, तर आजी एक सांगणार, तू दुसरं, आणि पोरगी दोघांच्या तोंडाकडे बघत बसणार. मला स्वतःला खोटं सांगायला जमत नाही म्हणून मी निकोलसची गोष्ट सांगायचे. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला, आणि त्याच्याबद्दल अशी आख्यायिका आहे की एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्याने रात्री गुपचूप घरात पैशाच्या थैल्या टाकल्या, कुणी दिलं ते कळू न देता. लेकीला ते 'कळू न देता' भयंकर आवडलं, पुढे आठवडाभर ती बाबांच्या उशीखाली काय काय लपवून ठेवत होती. तुमच्या घरात काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण सगळ्यांनी एकच सांगा.

आता थोडं धोक्याचं, ह्यात हयगय चालणार नाही. गाणारी खेळणी, लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या, छोटे रिमोट ह्यात बटणासारखे चपटे गोल सेल असतात. तसा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं, म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल ते खेळणं घरात नको, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी वगैरे काढत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं. दुसरं, आजी-आजोबांच्या औषधांच्या पिशव्या. आपलं घर आपण पोराच्या हिशोबाने आवरलेलं असतं, पण पाहुण्यांची बॅग पलंगावर उघडी असते आणि त्यातल्या रंगीत गोळ्या चॉकलेटसारख्या दिसतात. ते आले की पहिल्या पाच मिनिटांत बॅग उंचावर, आणि हे त्यांना प्रेमाने सांग, आल्या आल्या चुका काढतोय असं वाटायला नको. झाड भिंतीला बांध. आणि लाइटच्या माळेची वायर चालायच्या वाटेवर नको, बाथरूमच्या वाटेवर तर अजिबातच नको, रात्री तिथे छोटा दिवा राहू दे. म्हाताऱ्या माणसाचं एक पडणं सगळं घर बदलून टाकतं. मी बघितलंय.

फोटोंचं एकच सांगते. हसा, इकडे बघा, परत एकदा, हे दिवसातून एकदा करा आणि मोबाईल ठेवून द्या. त्यापेक्षा आई गुणगुणत असेल तेव्हा तिच्या नकळत नको, विचारून, आवाज रेकॉर्ड करून ठेव. बाबांचे फोटो माझ्याकडे ढीगभर आहेत. आवाज एकच आहे, चाळीस सेकंदांचा, त्यात ते लेकीला म्हणतायत, कोकरू उलटं ठेवलंस गं.

शेवटचं राहिलं, तू मेसेजच्या अगदी टोकाला एका ओळीत लिहिलेलं. तुझ्या बायकोचे वडील मार्चमध्ये गेले, आई पहिल्यांदाच एकटी येतेय, आणि तू विचारतोस त्यांच्यासमोर विषय काढायचा नाही ना? काढायचा रे. सगळे त्या नावाला वळसा घालून बोलत राहिले की त्या बाईला वाटतं, माझ्याशिवाय कुणाला आठवणच नाही. थोरली तर विचारणारच, नाना का नाही आले म्हणून, भर जेवणात विचारेल, तेव्हा तिला गप्प करू नका. आजीला उत्तर देऊ दे. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, मूल घाबरत नाही त्याने, आपण घाबरलेले दिसलो तर घाबरतं. आणि त्या लवकर उठून आत गेल्या तर मागे कुणी हाका मारत जाऊ नका, थोड्या वेळाने धाकट्याला त्यांच्या मांडीवर नेऊन दे, काही न बोलता.

अजून एक कर. तूच मागे एकदा बोलला होतास की त्यांच्याकडे दारातला तारा दरवर्षी नानाच लावायचे, स्टुलावर चढून, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तुझ्या लिस्टमध्ये तारा सहाव्या नंबरवर आहे, पुढे तुझं नाव. ते नाव खोड. उद्या सासूबाईंना फोन कर आणि विचार की तो तारा अजून आहे का, येताना आणाल का, आणि तो कसा लावायचे ते मला उभं राहून सांगाल का. स्टुलावर तू चढ, खाली थोरलीला दोरी धरायला दे. किती वर, किती डावीकडे, ते त्या सांगतील.

तुझी,
काकू