शंका-समाधान : तारण केवळ विश्वासाने?

प्रश्न : माझं माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. सासूबाई उपवासकाळ आणि दानधर्म काटेकोर पाळतात. मी ‘तारण (पापापासून सुटका) केवळ विश्वासाने’ म्हटलं की त्या बायबलमधलं याकोबाचं पत्र उघडतात. नव्या करारातली पत्रं लिहिणारे पौल आणि याकोब एकमेकांच्या विरुद्ध बोलतात का? आणि माझा विश्वास पुरेसा आहे, हे कसं कळावं?
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : सासूबाईंनी नेमकं पान उघडलं आहे. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकदाच जोडून येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे ते नाकारलेले आहेत. पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या ३:२८ मधला ‘केवळ’ प्रोटेस्टंट सुधारणेच्या मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात घातला. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही. पौल तिथे कर्मं बाजूला काढूनच बोलतो, म्हणून अर्थ नीट कळायला तो शब्द हवाच, असं ल्यूथरचं म्हणणं होतं. एवढं तुम्ही आधी मोकळेपणाने सांगा, म्हणजे घरातलं बोलणं वादावर जाणार नाही.

मग दोघींनी मिळून उत्पत्तीचं पुस्तक घ्या. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, पण त्याच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या वेळचा. रोमकरांस ४ मध्ये पौल उत्पत्ती १५:६ धरतो: देवाने वचन दिलं, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. सुंता येते सतराव्या अध्यायात, त्याचा मुलगा इसहाक याचा जन्म एकविसाव्यात. म्हणजे दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. याकोब बोलतो बाविसाव्या अध्यायातल्या इसहाकाच्या अर्पणाबद्दल, आणि १५:६ चं वचन तिथे पूर्ण झालं, असं म्हणतो. क्रम लक्षात घेतला की गाठ बरीचशी सुटते.

दोघांचे वाचकही वेगळे. सुंता आणि मोशेच्या नियमशास्त्राचा भार परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, लादणाऱ्यांना पौल अडवतो. याकोब बोलतो ते उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसतं ‘सुखाने जा’ म्हणणाऱ्याशी. देव एकच आहे हे भुतंही मानतात, असं तो २:१९ मध्ये सुनावतो. नुसतं मानणं पौलालाही पुरत नाही. गलतीकरांस ५:६ मध्ये तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाबद्दल बोलतो.

तरी दोन्ही मंडळ्यांत फरक नाहीच, असं म्हणणं खोटं ठरेल. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५४७ मध्ये ‘केवळ विश्वास’ ही शिकवण, देवाच्या कृपेला माणसाच्या साथीची गरजच नाही या अर्थाने, निषिद्ध ठरवली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेनेच, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे. मात्र नीतिमत्त्व बाहेरून आपल्या नावे गणलं जातं की आत ओतलं जाऊन वाढत जातं, यावर भर अजून वेगळा आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आम्ही जास्त काळजीने पाहतो. कर्मांचा हिशोब सोडला आणि विश्वासाचाच हिशोब मांडला, तर विश्वास हेच नवं कर्म होऊन बसतं. मग मन खचतं, कारण विश्वास रोज सारखा नसतो. ऐरोलीच्या खाडीपुलावरून जाताना धास्तावलेला माणूसही मुलुंडला पोचतो. भार पूल पेलतो. मार्क ९:२४ मधल्या बापाने आपला अविश्वास उघड कबूल केला, तरी येशूने त्याच्या मुलाला बरं केलं. तेव्हा ‘माझा विश्वास किती’ हे विचारणं थांबवा आणि ‘तो कोणावर’ हे विचारा.

प्रश्न : मरताना विश्वास ठेवला तरी तारण होत असेल, तर जन्मभर नीट वागायचं कशाला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होतं. लूक २३:४३ मधल्या, येशूसोबत वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराकडे ना बाप्तिस्मा होता ना सत्कर्मांसाठी वेळ. तुमचा प्रश्न पौलालाही रोमकरांस ६:१ मध्ये घ्यावा लागला. त्याचं उत्तर सरळ आहे: जो पापाला मेला, तो त्यातच जगत कसा राहील? ‘तारण कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे’ हे इफिसकरांस २:८-९ पाठ असणारे पुष्कळ भेटतात. दहावं वचन मात्र वाचायचं राहतं. सत्कृत्यांसाठीच आपण निर्माण झालो, असं ते सांगतं. सत्कृत्यं तारणानंतरची, त्याची किंमत म्हणून दिलेली नव्हेत.