लिनक्स सर्व्हरवरील लॉगिनच्या वेळेचा हिशोब

लॉगिन-लॉगआउटच्या नोंदी डब्ल्यूटीएमपी या फाइलमध्ये साठतात आणि ‘लास्ट’ ही आज्ञा त्या वाचून दाखवते; कंसात २+०५:१० असे दिसले, तर ते सत्र दोन दिवस, पाच तास आणि दहा मिनिटे चालले असे समजावे. मात्र ओळीत ‘क्रॅश’ हा शब्द असेल, तर लॉगआउटची नोंद झालेलीच नसते आणि कालावधी पुढच्या बूटपर्यंत, म्हणजे सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत मोजलेला असतो, म्हणून तो आकडा कृपया कोणाच्याही हजेरीत धरू नका. ‘एसी’ ही आज्ञा ‘पी’ पर्यायासह दिल्यास प्रत्येकाचे एकूण तास मिळतात, पण एकाच व्यक्तीची दोन सत्रे एकाच वेळी चालू असली, तर दोन्हींचे तास बेरजेत येतात. शिवाय लॉगरोटेट हे नोंदींच्या फाइली ठराविक काळाने बदलणारे साधन जुनी फाइल बाजूला काढते, म्हणून महिनाअखेरीस तिची प्रत जपून ठेवा.