'कळसूत्री सरकार' म्हणावे की 'नामधारी'?

इराकमध्ये २००३ च्या युद्धानंतर जी नियामक परिषद स्थापन झाली, तिच्याविषयीच्या एका लेखाचे मराठी भाषांतर करताना 'पपेट गव्हर्न्मेंट' या शब्दासाठी कठपुतळी, कळसूत्री आणि मांडलिक यांपैकी कोणता शब्द योजावा, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते या ठिकाणी तिन्ही शब्द नेमके बसत नाहीत.

'कठपुतळी' हिंदीच्या वाटेने आलेला आणि आता वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द आहे. अर्थाने तो 'कळसूत्री'चाच भाऊ असल्याने त्याचा वेगळा विचार करण्याचे कारण नाही. खरा विचार करायचा तो 'कळसूत्री'चा. बंदुकीची कळ दाबतात किंवा कुणीतरी कळ फिरवतो, तीच ही कळ. आणि सूत्र म्हणजे दोरी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात, तेव्हा खेळवणारा पडद्याआड राहतो आणि आपल्याला दिसते ती मान डोलावणारी, हात उचलणारी बाहुली. हालचाल बाहुलीची, इच्छा दुसऱ्याची, आणि तो दुसरा नजरेआड, असे तिन्ही अर्थ या शब्दात आहेत. म्हणून कुठल्याही सरकारला 'कळसूत्री' म्हणणे म्हणजे त्याच्यावर छुप्या दोरीचा आरोप करणे होय.

इराकमध्ये मात्र दोरी लपलेली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२ मे २००३ च्या ठराव १४८३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांचा ताबा घेतलेल्या सत्ता म्हणून उघड उल्लेख केला होता. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्य बरखास्त करण्याचा आदेश स्वतःच्या सहीने काढला, तेव्हा नियामक परिषद अस्तित्वातही नव्हती. पुढे १३ जुलैला २५ सदस्यांची परिषद स्थापन झाली, तरी तिचे निर्णय नाकारण्याचा अधिकार ब्रेमर यांच्याकडेच राहिला आणि प्रत्येक मंत्रालयात परकीय सल्लागार बसले. खेळवणारा पडद्याबाहेर उभा असताना बाहुलीला 'कळसूत्री' म्हणण्यात शब्दाचा अर्धा अर्थ वाया जातो. संस्कृत नाटकातला सूत्रधार असाच रंगमंचावर सर्वांसमक्ष येतो. 'कटाचा मुख्य सूत्रधार' हा लपलेल्या माणसाचा अर्थ आपण त्याला नंतर चिकटवला.

'मांडलिक' हा शब्द याहून जुना आणि प्रतिष्ठेचा. मांडलिक राजा वरिष्ठ सत्ता मान्य करतो, पण आपल्या मुलखाचा कारभार तोच पाहतो. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण साताऱ्याचे आहे. पेशवाईच्या पाडावानंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना गादीवर बसवले, १८१९ मध्ये तह केला आणि १८२२ पर्यंत कारभार पोलिटिकल एजंट जेम्स ग्रँट यांच्याच हाती ठेवला. त्या पहिल्या वर्षांना 'नामधारी' हेच विशेषण लागू पडते, आणि कारभार हाती आल्यानंतरच्या काळाला 'मांडलिक'. परंतु प्रतापसिंहांना 'कळसूत्री' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जहागीरदारांवरील हक्कांसाठी ते भांडत राहिले, कटाचा आरोप मान्य करून गादी टिकवण्याची अट त्यांनी धुडकावली, आणि १८३९ मध्ये पदच्युत होऊन त्यांना काशीला जावे लागले. दोरीवर नाचणारी बाहुली नकार देत नाही.

तेव्हा तुमच्या वाक्यात 'अमेरिकी प्रशासनाच्या देखरेखीखालील नामधारी परिषद' असे लिहावे, असे मी सुचवीन. 'नामधारी'मध्ये पद आहे आणि अधिकार नाही, एवढेच सांगितले जाते, आणि तेवढे इराकच्या बाबतीत कागदोपत्री सिद्ध आहे. २८ जून २००४ ला सत्ता इयाद अलावी यांच्या हंगामी सरकारकडे सोपवली गेली, त्यानंतरच्या काळाविषयी मूळ लेखकाने हाच इंग्रजी शब्द वापरला असेल, तर तेथे 'कळसूत्री' योग्य ठरेल, कारण आता सार्वभौमत्व कागदावर इराकचे होते आणि लेखकाचा आरोप मागून हलणाऱ्या हाताविषयीचा आहे. मात्र तो आरोप लेखकाचा आहे, हे वाक्यरचनेतून दिसू द्यावे: 'लेखकाच्या मते हे सरकार कळसूत्रीच होते.'